'पिग्मॅलियन' आधी मोठ्यानं वाचा, मग सिनेमा लावा: घरच्या घरी कसं करायचं

'ती फुलराणी' बघितलेलं किंवा टीव्हीवर 'माय फेअर लेडी' बघितलेलं माणूस आपल्याकडे घरटी एक तरी सापडतं, पण हे सगळं जिथून आलं ते जॉर्ज बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' वाचलेलं माणूस शोधावं लागतं, आणि १९३८ चा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा बघितलेला तर त्याहून शोधावा लागतो. मागच्या पावसाळ्यात आम्ही पाच जणांनी चार रविवार हे नाटक वाचलं आणि पाचव्या रविवारी सिनेमा बघितला. आम्ही म्हणजे मी, बहीण, तिची कॉलेजात जाणारी मुलगी, त्या मुलीची अमरावतीची मैत्रीण आणि शेजारच्या काकू, ज्या लग्न होऊन साताऱ्याकडून पुण्यात आल्या. इतकं काय काय हाती लागलं की म्हटलं नीट लिहून काढू, म्हणजे कुणाला करायचं असेल तर सरळ बसता येईल.

आधी गोष्ट थोडक्यात, ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी. लंडनमध्ये रस्त्यावर फुलं विकणारी एक पोरगी, एलायझा डूलिटल. तिची बोली ऐकून उच्चारशास्त्राचा प्रोफेसर हेन्री हिगिन्स बढाई मारतो की तीन महिन्यांत हिला राजदूताच्या पार्टीत डचेस म्हणून खपवून दाखवीन. दुसऱ्या दिवशी ती खरंच शिकायला त्याच्या दारात येते, पैज लागते, ती शिकते, पैज जिंकली जाते आणि मग प्रश्न येतो की आता हिचं काय. पाच अंक आहेत. पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते १६ ऑक्टोबर १९१३ ला व्हिएन्नात आणि तेही जर्मन भाषांतरात, लंडनला ११ एप्रिल १९१४ ला. इंग्रजी उच्चारांवरचं नाटक आणि त्याचा पहिला प्रयोग जर्मनमध्ये, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

सामान

नाटकाची प्रत आणि माणशी एक छोटी वही, बास. शॉ १९५० साली गेला, आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात म्हणजे ते संपलेले आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर नाटक फुकट मिळतं आणि छापील प्रतीही स्वस्तात मिळतात. पण एक गोष्ट तपासून घ्या, कारण बाजारात दोन पाठ फिरतात. एक जुना, आणि एक नंतरचा ज्यात शॉनं सिनेमासाठी लिहिलेले प्रसंग नाटकातच घातले. ओळखायचं कसं तर तिसरा अंक उघडा, शेवटी राजदूताकडची मेजवानी आणि नेपोमक नावाचा दाढीवाला दुभाषी आला की तुमच्या हातात नंतरचा पाठ आहे. जुन्या पाठात ही मेजवानी दिसतच नाही, तिसऱ्या अंकानंतर पडदा पडतो आणि चौथ्यात सगळे पैज जिंकून दमून घरी येतात. पहिल्यांदा वाचताना मला जुनाच बरा वाटतो. सगळ्यांकडे एकच पाठ असू द्या पण, नाहीतर मध्येच एक जण भलतंच वाचायला लागतो आणि पानं शोधण्यात संध्याकाळ जाते, आमची पहिली गेली.

प्रस्तावना आणि शेवटचा गद्य भाग, दोन्ही आत्ता वाचायचे नाहीत. शेवटचा भाग तर स्टेपल करून टाका. खरंच. त्यात पुढे काय झालं ते शॉनं सांगून टाकलंय आणि ते आधी कळलं की सिनेमाची निम्मी मजा गेली. त्याचं कधी काय करायचं ते पुढे सांगते.

आता वही कशासाठी. वाचताना हसू आलं की लगेच लिहायचं, कुणावर हसलो. प्रसंग लिहायचा नाही, मत लिहायचं नाही, फक्त नाव. एलायझा, हिगिन्स, बाप, आलेले पाहुणे, जे असेल ते. हे मी शाळेत नाटक बसवताना शिकले, आमच्या बाई तालमीत असंच विचारायच्या, आणि या नाटकाला ते इतकं लागू पडतं की बाकी काही केलं नाही तरी चालेल पण एवढं करा. कारण यात हसू जागा बदलत जातं, आणि मनातल्या मनात वाचलं तर ते बदललेलं कळतच नाही.

पहिला रविवार: पहिला अंक, आणि बोली

रात्रीचे सव्वाअकरा, धो धो पाऊस, कॉव्हेंट गार्डनच्या बाजूला सेंट पॉल्स चर्चच्या खांबांखाली लोक अडकलेत. फ्रेडी नावाचा मुलगा आईबहिणीसाठी टॅक्सी शोधायला धावतो आणि एलायझाच्या टोपलीवर आदळतो. इथे तिची पहिली वाक्यं येतात आणि शॉनं ती जशी ऐकू येतात तशीच लिहिलीत. व्हायोलेटच्या दोन जुड्या चिखलात तुडवल्या, असं तिला म्हणायचंय, तर ते येतं "टे-ऊ बँचेस ओ व्हॉयलेट्स ट्रॉड इन्टू द मॅड". डोळ्यांनी वाचलं तर हे इंग्रजी आहे हेही कळत नाही. मोठ्यानं वाचलं की मॅड म्हणजे मड, चिखल, हे कानाला आपोआप सापडतं. पुढच्या तीनचार ओळींनंतर शॉ स्वतःच कंसात माफी मागतो की लंडनबाहेर हे कुणाला कळायचं नाही, म्हणून हा प्रयत्न इथेच सोडतो, आणि नंतर तिचं बोलणं साध्या स्पेलिंगमध्ये देतो. म्हणजे तिथून पुढे तिची बोली तुम्ही आपल्या तोंडानं चालू ठेवायची असते, हे लक्षात ठेवा, नाहीतर एलायझा दुसऱ्या पानावरच अर्धी सुधारून जाते.

आता ज्यांना लंडनची कॉकनी येत नाही (आम्हाला कुणालाच येत नव्हती) त्यांनी काय करायचं. आम्ही तिच्या पहिल्या दहाबारा ओळी प्रत्येकानं आपापल्या गावच्या बोलीत करायच्या असं ठरवलं. काकूंनी केलं, "ह्येला म्हनायची रीत! दोन जुड्या गेल्या की माज्या चिखलात." अमरावतीच्या मुलीनं केलं, "हे का रीत होय का बाप्पा? माह्या दोन जुड्या चिखलात घातल्या ना त्यानं." तुमच्या घरात मालवणी असेल, अहिराणी असेल, कोल्हापुरी असेल, ती वापरा. इंग्रजी अडखळत वाचणाऱ्या माणसाला एलायझा द्यायची असेल तर हाच मार्ग, शेजारी बसलेल्यानं ओळीचा अर्थ सांगायचा आणि त्यांनी आपल्या बोलीत म्हणायची. काकूंनी सगळं नाटक असंच केलं आणि आमच्यात सगळ्यात चांगली एलायझा त्यांचीच झाली.

या अंकात एक जागा सांभाळून वाचा. खांबाआड एक माणूस तिचं बोलणं वहीत टिपतोय हे कळल्यावर ती रडायला लागते, आपण चांगली मुलगी आहोत असं परत परत सांगते. सगळे ही जागा विनोदी वाचतात. तिला वाटतंय तो पोलिसांचा माणूस आहे आणि एका सभ्य माणसाशी रस्त्यात बोलली म्हणून आपली रोजीरोटी जाणार. हिगिन्स लोकांची गावं ओळखून दाखवतो, सहा मैलांच्या आत, लंडनात दोन मैलांच्या आत, कधीकधी दोन गल्ल्यांच्या आत, आणि गर्दी खूश होते, आणि ही बाजूला थरथरतेय. पहिल्या रविवारी आमच्या पाचही वह्यांत एकच नाव होतं, एलायझा, एलायझा, एलायझा. काकूंनी वही मिटताना सांगितलं की लग्नानंतर पहिल्या वर्षी घरात त्या 'पानी' म्हणाल्या की सगळे थांबायचे आणि त्यांच्याकडून 'पाणी' म्हणवून घ्यायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा. त्यानंतर कुणी फार बोललं नाही, चहा झाला आणि उठलो.

दुसरा रविवार: पैशांवर लक्ष

दुसरा अंक लांब आहे, सव्वा तास धरून चाला. ती शहामृगाच्या पिसांची टोपी घालून हिगिन्सच्या घरी, विम्पोल स्ट्रीटवर येते आणि म्हणते मला शिकवा, मी एक शिलिंग देईन. इथे थांबून हिशेब करा, शॉनं तो हिगिन्सच्याच तोंडी घातलाय. तिची दिवसाची कमाई अर्धा क्राउन, म्हणजे ३० पेनी. शिलिंग म्हणजे १२ पेनी. म्हणजे एका शिकवणीला ती दिवसाच्या कमाईतले पाचातले दोन भाग देऊ करतेय, आणि हिगिन्स म्हणतो की लखपतीनं ६० पौंड दिल्यासारखं आहे हे, इतकी मोठी फी मला अजून कुणी दिली नाही. ती ६० पौंड ऐकून घाबरते, तिला वाटतं हा साठ पौंड मागतोय. हसू येतंच, पण हिशेब डोक्यात असेल तर हसता हसता तिचा मानही वाटतो. ती फुकट मागायला आलेली नाही, पैसे मोजून शिकायला आलीय.

मग तिचा बाप येतो, आल्फ्रेड डूलिटल, कचरा उचलणारा. मुलगी प्रोफेसरच्या घरी राहिली तर पाच पौंड द्या म्हणतो. त्याचं भाषण, की लायक गरिबांना सगळे मदत करतात, मी नालायक गरीब आहे, मला गरज काही कमी नाही, हे एकाच माणसानं एका दमात वाचायचं, तुकडे करायचे नाहीत. हिगिन्स खूश होऊन दहा देऊ करतो तर हा नको म्हणतो, दहा हातात आले की माणूस जपून वागायला लागतो, पाचच द्या, एका रात्रीत उडवतो. आमच्याकडे बहिणीनं वाचलं आणि हसून हसून पुरेवाट झाली. वहीत नाव कुणाचं लिहायचं ते मात्र कळेना, कारण बापावर हसतोय असं वाटतं आणि नीट बघितलं तर हसू दान देणाऱ्यांवर आलेलं असतं.

आणि मिसेस पिअर्सकडे, घर सांभाळणाऱ्या बाईंकडे, लक्ष द्या. ती याच अंकात विचारते की शिकवून झाल्यावर या मुलीचं काय करणार. कुणी धड उत्तर देत नाही. वाचणारेही पुढे जातात, आम्हीही गेलो. पेन्सिलीनं खूण करून ठेवा, चौथ्या अंकात उपयोगी पडते.

तिसरा रविवार: चहा

सगळ्या नाटकातला सगळ्यात हसवणारा भाग हाच, आणि याला घाई अजिबात करू नका. हिगिन्सच्या आईकडे पाहुणे यायचा दिवस आहे आणि एलायझाला पहिल्यांदा लोकांत आणलंय. तिचे उच्चार आता चोख झालेत. तिला दोनच विषय दिलेत, हवा आणि तब्येत. हवेबद्दल विचारल्यावर ती या बेटांच्या पश्चिमेकडचा कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडे सरकतोय असं हवामानखात्याच्या बुलेटिनसारखं सांगते. मग कुणीतरी इन्फ्लुएंझाचं नाव काढतं आणि तब्येतीचा विषय निघतो, आणि ती त्याच शुद्ध, कोरीव उच्चारांत सांगते की माझी मावशी इन्फ्लुएंझानं गेली असं म्हणतात, पण माझं मत आहे की म्हातारीला त्यांनी खलास केलं. मला मिळायची होती ती तिची नवी गवती टोपी कुठे गेली? ज्यानं टोपी ढापली त्यानंच मावशीला संपवलं.

ही जागा जमवायची तर वाचणाऱ्यानं आवाज बदलायचाच नाही. हवा सांगताना जो स्वर तोच मावशीला खलास करताना. 'खलास' शब्दावर जोर दिला की गेलं, डोळा मारला की गेलं. आमच्या मुलीनं पहिल्यांदा वाचताना मावशीच्या जागी स्वर पुन्हा गावठी केला आणि कुणी हसलंच नाही, दुसऱ्यांदा तिनं आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसं वाचलं आणि काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. का ते कळलं म्हणजे नाटक कळलं. हिगिन्सनं तिला कसं बोलायचं ते शिकवलंय, काय बोलायचं ते ती आपल्या आयुष्यातूनच आणणार, दुसरं आहे कुठे तिच्याकडे. आणि त्या खोलीतल्या पाहुण्यांना उच्चार चांगले असल्यानं हिगिन्सची थाप लगेच पटते की ही नवीन फॅशनची बोलायची पद्धत आहे, फ्रेडीची बहीण तर लगेच उचलतेही. आमच्या वह्यांत इथे पहिल्यांदा 'पाहुणे' हे नाव आलं.

जाता जाता ती 'ब्लडी' शब्द वापरते, चालत जाणार का विचारल्यावर. आज त्या शब्दाचं कुणालाच काही वाटत नाही म्हणून आधीच सांगून ठेवा की १९१४ साली लंडनच्या रंगमंचावर हा शब्द म्हणजे स्फोट होता, पेपरात आधीच कुजबुज झाली होती आणि पहिल्या प्रयोगाला लोक मिनिटभर हसत राहिले. तेव्हा एलायझा करत होत्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल, वय ४९. हेही सांगा, कारण मग घरातल्या कुठल्याही बाईला एलायझा वाचायला संकोच वाटत नाही.

पाहुणे गेल्यावर हिगिन्सची आई मुलाला आणि त्याच्या मित्राला, कर्नल पिकरिंगला, सुनावते की तुम्ही दोघं जिवंत बाहुलीशी खेळणारी पोरं आहात. तिचं हे हळू वाचा.

चौथा रविवार: चौथा आणि पाचवा अंक

चौथा अंक छोटा आहे, पण त्याआधी पाणी पिऊन घ्या आणि फोन बाजूला ठेवा. मध्यरात्र, पैज जिंकून तिघं घरी आलेत. दोघं पुरुष एकमेकांना शाबासकी देतात, हिगिन्स म्हणतो सुटलो एकदाचं, कंटाळा आला होता. एलायझा कोपऱ्यात गप्प बसलीय आणि तिच्याबद्दल दोघं ती खोलीत नसल्यासारखं बोलतायत. वाचताना एलायझाचं काम असलेल्या व्यक्तीनं या वेळी सगळ्यांकडे बघत बसायचं, काही न बोलता. आमच्याकडे काकू बसल्या होत्या आणि वाचणाऱ्या दोघींना पुढे वाचवेना. मग ती हिगिन्सच्या स्लीपर उचलून त्याच्या अंगावर फेकते. मिसेस पिअर्सनं विचारलेला प्रश्न आता ती स्वतः विचारते, माझं काय होणार. तिथे मागे जाऊन पेन्सिलीची खूण दाखवा सगळ्यांना.

आणि एक बारीक जागा, जी बहुतेक जण वाचून पुढे जातात. ती विचारते, अंगावरचे कपडे माझे की कर्नल साहेबांचे? हिगिन्सला कळतच नाही ही असं का विचारतेय. ती विचारतेय कारण उद्या मी गेल्यावर चोरीचा आळ नको. डचेस म्हणून मिरवून तासभरही झाला नाही, आणि डोक्यात हे. काकूंनी ही ओळ म्हटली, "ही लुगडी माजी का सायबांची, तेवडं सांगा", आणि वही उचललीच नाही कुणी.

पाचव्या अंकात बाप परत येतो, आता श्रीमंत होऊन, वर्षाला ३,००० पौंड सुरू झालेत आणि बिचारा सभ्य माणूस व्हावं लागलं म्हणून रडकुंडीला आलाय. हे भरभर वाचा, छान जातं. मग एलायझा पिकरिंगला सांगते की फुलवाली आणि बाईसाहेब यांत फरक ती कशी वागते याचा नसतो, तिला लोक कसं वागवतात याचा असतो, तुम्ही मला पहिल्या दिवशी मिस डूलिटल म्हणालात तिथून माझं शिक्षण सुरू झालं. उच्चारांवर सगळं नाटक उभं करून शॉ शेवटी ही गोष्ट त्या मुलीच्या तोंडून सांगतो. शेवटी हिगिन्स तिला जाताना हातमोजे, टाय, चीज आणायची यादी देतो, आणि ती म्हणते स्वतः आणा, आणि जाते. (नंतरच्या पाठात ही जागा जरा वेगळी आहे, पण जाते ती जातेच.) हिगिन्स खुशीत हसत राहतो, त्याला खात्री आहे की ती आणणार. माझ्या वहीत शेवटचं नाव हिगिन्स.

इथे थांबा. स्टेपल काढू नका. प्रत्येकाला विचारा, ती परत येईल का, आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे तीन नाही, दोन हो.

पाचवा रविवार: १९३८ चा सिनेमा

दिग्दर्शक दोघं, अँथनी अॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड, आणि हॉवर्डच हिगिन्स. एलायझा वेंडी हिलर, निर्माता गॅब्रिएल पास्कल, संकलन डेव्हिड लीनचं, जो पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' करणार होता. दीड तासाच्या आसपास आहे, एका बैठकीत होतो. इंग्रजी सबटायटल्स लावाच, आवाज जुना आहे. फ्रेडीचं काम केलेला डेव्हिड ट्री हा १९१४ सालच्या पहिल्या हिगिन्सचा, हर्बर्ट बीअरबोम ट्रीचा, नातू, हे सुरू करायच्या आधी सांगा, मुलांना असलं आवडतं.

बघताना परत तीच वही, तीच पद्धत, पण जोडीला एक काम: नाटकात नसलेलं काही दिसलं की फुली मारा. पहिली मोठी फुली शिकवण्याच्या भागात पडेल. नाटकात ती शिकते ते दोन अंकांच्या मधल्या फटीत, आपल्याला दिसतच नाही किंवा नंतरच्या पाठात अगदी जरासं दिसतं. सिनेमात तोंडात गोट्या घालून बोलायला लावणं, यंत्रं, रेकॉर्ड, सगळं झरझर दाखवलंय. स्पेनमधल्या पावसाचं ते प्रसिद्ध वाक्य शॉच्या नाटकात नाही, ते या सिनेमात आलं आणि तिथून पुढे गाण्यात गेलं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. दुसरी फुली मेजवानीत, जिथे उच्चार ओळखणारा कारपथी नावाचा हंगेरियन तिला पारखतो आणि जाहीर करतो की ही इंग्रज नाहीच, ही राजघराण्यातली हंगेरियन आहे, कारण इतकं निर्दोष इंग्रजी इंग्रज माणूस बोलतच नाही. हे शॉचंच डोकं आहे, आणि झकास आहे.

चहाचा प्रसंग आला की आपण वाचलेला आठवा आणि हिलरचा चेहरा बघा. ती काहीही करत नाही. मावशीला खलास करताना तिची मानसुद्धा हलत नाही. आमच्या मुलीनं तिथे पॉज करून मला दाखवलं, बघ मावशी, बातम्या.

हॉवर्ड मला हिगिन्स म्हणून जरा जास्तच देखणा वाटतो, आणि शॉचीही तीच तक्रार होती, त्याला चार्ल्स लॉटन हवा होता. देखणा हिगिन्स घेतला की प्रेमकथा होणार हे त्याला आधीच दिसत होतं. आणि शेवट तसाच झाला. हिगिन्स घरी एकटा, तिचा रेकॉर्ड केलेला जुना आवाज ऐकतोय, आणि ती दारात येऊन उभी राहते. तो खुर्चीत मागे रेलून विचारतो, माझ्या स्लीपर कुठे आहेत. संपला सिनेमा. ज्या स्लीपर तिनं फेकून मारल्या त्याच.

लाइट लावू नका लगेच. काकू म्हणाल्या, "आली व्हय परत? मग फेकल्या कशाला?" अमरावतीची मुलगी म्हणाली, मला तर आवडलं, आली ते. आणि मग अर्धा तास जे झालं त्यासाठीच हे सगळं करायचं. कोण कुठल्या बाजूचं हे आधी ठरवू नका, प्रत्येकानं वहीतलं आपलं मागचं उत्तर वाचून दाखवायचं आणि मग बोलायचं.

भांडण रंगात आलं की स्टेपल काढा. शॉनं १९१६ साली तो शेवटचा भाग लिहिला तो याच भांडणासाठी. झालं असं की १९१४ मध्येच ट्रीनं शेवटी एलायझाकडे फुलं फेकायला सुरुवात केली होती, म्हणजे लोकांना वाटावं आता लग्न. शॉ चिडला. ट्रीचं म्हणणं माझ्या शेवटानं पैसा मिळतो, माझे आभार मान, शॉचं म्हणणं तुला गोळ्या घालायला हव्यात. म्हणून त्यानं लिहूनच टाकलं की एलायझा फ्रेडीशी लग्न करते, फुलांचं दुकान काढते, सुरुवातीला दुकान चालत नाही, हिशेब शिकायला जातात दोघं, मग हळूहळू जम बसतो. हे मोठ्यानं वाचा. दुकानाच्या अडचणी शॉनं ज्या बारकाईनं लिहिल्यात त्या वाचून मला त्या मुलीची जास्त काळजी वाटली आणि जास्त अभिमानही. आणि गंमत म्हणजे सिनेमाच्या पटकथेचं ऑस्कर ज्या चौघांना मिळालं त्यात शॉही होता, नोबेल आणि ऑस्कर दोन्ही मिळालेला तो पहिला माणूस, आणि त्या सिनेमाचा शेवट मात्र त्याच्या मनाविरुद्धचा.

वेळ उरला तर

'माय फेअर लेडी', १९६४ चा, जॉर्ज क्यूकरचा, जवळजवळ तीन तासांचा आहे म्हणून सुट्टीच्या दिवशी ठेवा. मध्यंतर अगदी बरोबर जागी आहे, ती पांढऱ्या पोशाखात जिना उतरून मेजवानीला निघते तिथे, जेवण तेव्हाच करा. आठ ऑस्कर मिळाली, ऑड्री हेपबर्न दिसते सुंदरच, पण पहिल्या भागात चिखल लागलेली फुलवाली म्हणून मला ती पटत नाही, हिलर पटते. स्लीपरचा शेवट यानंही ठेवलाय. चहाचा प्रसंग मात्र घोड्यांच्या शर्यतीला नेलाय, तो नवीन म्हणून बघा, मजा येते.

आणि 'ती फुलराणी'. पुलंनी १९७५ मध्ये आणलं, भक्ती बर्वे मंजुळा आणि सतीश दुभाषी प्रोफेसर. भाषांतर म्हणून बघू नका, मराठीत ण आणि न, श आणि स यांच्यावरून माणसाला कसं तोललं जातं ते त्यात आहे, आणि ते कॉकनीपेक्षा आपल्याला कितीतरी जवळून लागतं. हे आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण आधी ठेवलं की बाकी सगळं त्याच्याशीच ताडून बघत बसतो आपण.

शेवटचं एक करा, दहा मिनिटांचं काम आहे. शिकवणीला वैतागलेली मुलगी एकटी असताना मास्तरला धमक्या देते, ही जागा शॉच्या नाटकात नाहीच. 'माय फेअर लेडी'त ती 'जस्ट यू वेट' या गाण्यात आहे आणि फुलराणीत 'तुला शिकवीन चांगलाच धडा' मध्ये. दोन्ही पाठोपाठ लावा. आधी गाणं, त्यात सुरुवातीचा आवाज हेपबर्नचा स्वतःचा आहे आणि पुढे गायिका मार्नी निक्सनचा होतो, बदल कुठे होतो ते पकडायला सांगा सगळ्यांना. मग लगेच भक्ती बर्वे. आणि त्यानंतर घरातल्या एलायझाला, जी कुणी असेल तिला, उभं करा आणि तिच्या बोलीत म्हणायला लावा. आमच्या काकूंनी नाही नाही म्हणत म्हटलं, आणि मास्तरच्या जागी ज्यांचं नाव घेतलं ते त्यांच्या सासरचंच कुणाचं तरी होतं.